डव्हटेलसिंधू

अर्थात राउटर आणि जिग यांच्या साहाय्याने खणाचा सांधा घट्ट बसवण्याविषयीचा साधकबाधक निर्णय

उपोद्घात

कमलाकरभट्टांनी १६१२ साली ‘निर्णयसिंधू’ रचला आणि त्याच शास्त्राचे सार पुढे १७९० च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी ‘धर्मसिंधू’त आणले. एकादशी दोन दिवशी विभागून आली तर उपवास कोणत्या दिवशी, ग्रहण लागलेलेच असताना सूर्य मावळला तर जेवावे कधी, एका सुतकात दुसरे सुतक आले तर कोणते आधी फिटते, अशा प्रश्नांवर मराठी माणूस तेव्हापासून निरुत्तर नाही. परंतु खणाच्या दर्शनी फळीला बगलेची फळी जोडताना सांधा दोन कागदांइतका ढिला राहिला तर काय करावे, याविषयी दोन्ही सिंधूंनी मौन पाळले आहे. ती उणीव दूर करणे हे प्रस्तुत ग्रंथाचे प्रयोजन.

यावर पूर्वपक्षी म्हणतो: “खण लोक उघडतात, त्यातून कात्री घेतात आणि बंद करतात. सांध्याकडे कोणीही पाहत नाही. मग जे दिसत नाही त्याची एवढी चर्चा कशाला?” उत्तर सोपे आहे. जे डोळ्यांना आपोआप दिसते त्यासाठी शास्त्र लागतच नाही, हा मीमांसकांचा जुना नियम. स्वर्ग दिसत नाही म्हणून यज्ञाचे शास्त्र झाले. सांधा दिसत नाही, म्हणून त्याचे शास्त्र व्हायला हवे. या युक्तिवादावर पूर्वपक्षी गप्प बसला, असे आम्ही गृहीत धरतो.

अधिकारनिर्णय

या शास्त्राचा अधिकारी कोण? ज्याला खण हवा आहे, तो नव्हे. त्याने सरळ बाजारात जावे. धातूच्या चॅनेलवर सरकणारा, प्लायचा, स्क्रूने आवळलेला खण तिथे मिळतो आणि तो आपले काम चोख करतो. अधिकारी तो, ज्याला खण नको आहे पण सांधा हवा आहे.

धंद्यातल्या सुताराला अधिकार नाही असे नाही. त्याला वेळ नाही. गिऱ्हाईक मॉड्युलर किचनसाठी थांबलेले असते आणि लॅमिनेटखाली सगळे सांधे सारखेच दिसतात. म्हणून हे शास्त्र आज मुख्यतः हौशी लोकांच्या हाती राहिले आहे. यांची दिवसभराची नोकरी दुसरीच असते आणि शनिवारी ते लाकूड कापतात.

साहित्य म्हणून एक राउटर, डव्हटेलचे एक बिट, राउटरच्या तळाला बसणारी कंगोऱ्याची गाइड बुश, फणीसारखे दाते असलेले जिग आणि कानांवर घालायला काहीतरी, एवढे लागते. राउटर मिनिटाला वीस हजार फेरे घेत असेल, तर अर्ध्या इंचाच्या बिटाची कड ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाने धावत असते आणि तरीही जागची हलत नाही. या विरोधाभासातून जो आवाज निघतो, तो सोसायटीच्या सेक्रेटरींना मान्य असणे ही अधिकाराची शेवटची अट.

स्वरूपनिर्णय

डव्हटेल सांधा म्हणजे काय? बगलेच्या फळीच्या टोकाला शेपट्या कापायच्या; त्या बुडाशी अरुंद आणि टोकाकडे रुंद. दर्शनी फळीत तशाच खाचा करायच्या. दोन खाचांमध्ये जे लाकूड उरते, त्या खुंट्या. शेपट्या खाचांत बसल्या की खणाची मूठ कितीही ओढा, ओढण्याचा सगळा जोर शेपट्यांच्या रुंद टोकांवर येतो आणि दर्शनी फळी सुटून हातात येत नाही. सांधा सुटायला वाट एकच: बगल ज्या दिशेने आत घातली, त्याच दिशेने बाहेर काढणे. म्हणून शेपट्या बगलेलाच हव्यात. हौसेने त्या दर्शनी फळीला कापल्या, तर ओढण्याची दिशा आणि सुटण्याची दिशा एकच होते. मग खण उघडत नाही, उलगडतो.

ही युक्ती फार जुनी. प्राचीन इजिप्तच्या फर्निचरमध्ये असे सांधे सापडतात. मेलेल्या राजाला परलोकात पेट्या उघडाव्या लागणार, मग त्या सुटून कशा चालतील, असा विचार करणारे लोक ते. सांध्याच्या टिकाऊपणाची मुदत इतकी पुढची धरणारे गिऱ्हाईक त्यानंतर झालेले नाही.

आता तत्त्वविचार. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त कारणे तीन प्रकारची सांगितली आहेत. कापडाच्या बाबतीत सूत हे समवायी कारण, सुतांचा एकमेकांशी झालेला संयोग हे असमवायी कारण आणि माग वगैरे निमित्त कारण. हीच व्यवस्था खणाला लावली की असे दिसते: फळ्या हे समवायी कारण, सांधा हे असमवायी कारण, आणि राउटर, जिग, सुतार, सुताराचे क्रेडिट कार्ड ही सगळी निमित्त कारणे. फळ्या तशाच पडून राहिल्या पण संयोग सुटला, तर खण नष्ट झाला; मागे उरते ते सरपण. म्हणजे खणाचे खणपण लाकडात नाही, यंत्रात नाही, ते संयोगात आहे.

यातून या ग्रंथाचा मुख्य सिद्धांत निघतो. घट्टपणा हा शेपटीचा गुण नाही आणि खाचेचाही नाही. तो दोघींमधला संबंध आहे. एकट्या शेपटीकडे पाहून ती घट्ट आहे की ढिली, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. नवशिके मात्र कॅलिपर घेऊन तेच करत बसतात.

पंथभेद

हाताने सांधा कापणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, आधी शेपट्या कापा आणि त्यांच्यावरून खुंट्या आखा. दुसरा म्हणतो, आधी खुंट्या. डेन्मार्कमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या डिझाइन विद्यालयात शिकवून गेलेले टागे फ्रिड हे खुंटीपंथाचे मोठे आचार्य. दोन्ही पंथांत स्मार्त आणि भागवत एकादशीइतकेच अंतर आहे. म्हणजे फळ एकच, दिवस वेगळे आणि एकमेकांच्या फराळाबद्दल मनात कायमचा संशय.

हा वाद जिगने एका फटक्यात मिटवला. खणाच्या अर्धझाकल्या सांध्याच्या जिगमध्ये दोन्ही फळ्या एकदमच धरतात. बगल समोर उभी, तिची आतली बाजू आपल्याकडे. दर्शनी फळी वर आडवी, तिचीही आतली बाजू वर. राउटर दात्यांमधून एकदा फिरला की शेपट्या आणि खाचा एकाच वेळी, एकाच बिटाने कापल्या जातात. आधी काय आणि नंतर काय, हा प्रश्नच उरत नाही. हे अद्वैत मत.

ज्या सांध्यात दोन्ही बाजूंनी लाकडाची टोके दिसतात, त्या आरपार सांध्यासाठी द्वैत मत आहे. तिथे शेपट्यांना डव्हटेलचे बिट आणि खुंट्यांना सरळ बिट, असे दोन स्वतंत्र साचे आणि दोन स्वतंत्र खेपा. कॅनडातल्या ली कंपनीच्या जिगमध्ये सरकते दाते असतात. एकाच दात्याचे एक टोक शेपटीसाठी आणि दुसरे खुंटीसाठी, मधल्या अंतरावर कापणाऱ्याची इच्छा चालते. शरीर एक, विशेषणे दोन. याला विशिष्टाद्वैत म्हणण्यास रामानुजांची हरकत नसावी.

हाताने कापणारे यंत्रपंथीयांवर तीन आक्षेप घेतात. पहिला उताराचा. जुनी शिस्त अशी की मऊ लाकडात सहास एक आणि टणक लाकडात आठास एक उतार ठेवावा. म्हणजे अंदाजे साडेनऊ अंश आणि सात अंश. जिगचे नेहमीचे बिट चौदा अंशांचे, म्हणजे जवळजवळ चारास एक. दुसरा आक्षेप जाडीचा. करवतीने करवतीच्या पात्याइतकी बारीक खुंटी ठेवता येते. बिटाला मात्र मान असते आणि ती कापलेल्या वाटेतून जावी लागते, त्यामुळे यंत्राच्या शेपट्या आणि खुंट्या एकाच मापाच्या, गणवेशातल्या मुलांसारख्या उभ्या राहतात. तिसरा आक्षेप आतल्या गोलाईचा. फिरणाऱ्या बिटाला काटकोन माहीत नाही, म्हणून खाचेचे टोक गोल येते. तिन्ही आक्षेप खरे आहेत आणि खण बंद केला की तिन्ही निकालात निघतात.

शिवाय इतिहास यंत्राच्या बाजूने फारच गमतीची साक्ष देतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉटर्लू गावच्या चार्ल्स नॅप यांनी १८६७ मध्ये खणाचे सांधे कापणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. त्या यंत्राने डव्हटेलचा आकारच सोडून दिला होता. त्याचा सांधा म्हणजे अर्धचंद्रांची ओळ आणि प्रत्येक अर्धचंद्रात एक गोल खुंटी. तो मजबूत होता आणि झटपट होई. पण विसावे शतक उजाडता उजाडता त्याची चलती संपली, कारण यंत्राने खुद्द डव्हटेल कापायचे तंत्र आले आणि लोकांनाही हाताने केल्यासारखे दिसणारे काम आवडू लागले होते. आज जुन्या सामानाचे जाणकार खण ओढून अर्धचंद्र पाहतात आणि कपाटाचे वय सांगतात. म्हणजे यंत्राने स्वतःची बुद्धी वापरली तेव्हा ती तीसेक वर्षे टिकली. हाताची नक्कल सुरू केली तेव्हा त्याला कायमची नोकरी मिळाली.

घट्टपणाचे सूत्र

अद्वैत मताच्या जिगवर घट्टपणा कशाने बदलतो? सर्व शास्त्र एका सूत्रात आहे:

खोलवता आवळे, उचलता मोकळे.

भाष्य. बिट खाली सरकवून काप खोल केला की सांधा आवळतो. बिट वर घेतले की मोकळा होतो. नवशिक्याला हे उलटे वाटते. त्याचा हिशेब असा की खोल काप म्हणजे जास्त लाकूड गेले, जास्त लाकूड गेले म्हणजे जागा वाढली, जागा वाढली म्हणजे सांधा ढिला. हिशेबात चूक एकच आहे: तो बिटाकडे पाहत नाही. बिट तळाशी रुंद आणि मानेकडे अरुंद असते. उभ्या फळीच्या टोकातून ते जितके खोल उतरेल, तितका त्याचा अरुंद भाग टोकाच्या पातळीला येतो. खाच तोंडाशी अरुंद झाली, म्हणजे दोन खाचांमध्ये उरलेली शेपटी टोकाशी रुंद झाली. आडव्या फळीतल्या खाचेचा तळ मात्र बिटाच्या तळाने ठरतो आणि तो होता तेवढाच राहतो. पाहुणा जाड झाला, खोली तेवढीच, आवळणारच.

किती आवळेल? चौदा अंशांच्या स्पर्शकाची दुप्पट ०.४९८७. म्हणून १ मिमी जादा खोलीमागे शेपटी जवळजवळ अर्धा मिमी फुगते. दोन भाग खोली, एक भाग घट्टपणा. सात अंशांचे बिट असेल तर हेच प्रमाण चारास एक होते. त्यामुळे कमी उताराचे बिट स्वभावाने शांत आणि चौदा अंशांचे तापट समजावे.

हे जिग अमेरिकन इंचांत जन्मलेले असल्याने आपल्याकडच्या सुताराला एक अनपेक्षित लाभ होतो. आपला सुतार इंचाचे आठ सूत करतो. नेहमीच्या बिटाची रुंदी अर्धा इंच, म्हणजे चार सूत. एका शेपटीपासून दुसऱ्या शेपटीपर्यंतचे नेहमीचे अंतर सात अष्टमांश इंच, म्हणजे बरोबर सात सूत. दोन फळ्या एकमेकींपासून सरकवून ठेवायच्या त्या साडेतीन सूत. मेट्रिक पट्टी घेऊन बसणारा इंजिनिअर २२.२२५ मिमी मोजत असतो, तेव्हा सुताराचा चहा पिऊन झालेला असतो. मात्र सातच्या पटीचा एक जाच आहे. दोन्ही कडांना अर्धी खुंटी नीट यावी असे वाटत असेल, तर खणाची उंचीही सात सुतांच्या पटीत हवी: बेचाळीस सूत म्हणजे सव्वापाच इंच चालेल, पाच इंच चालणार नाही. खणात काय ठेवायचे हा प्रश्न इथे गौण. खणाची उंची जिग ठरवते आणि खणाच्या उंचीवरून चमच्यांची.

अपवाद. आरपार सांध्यात हे सूत्र लागू नाही, कारण तिथे खोली फळीच्या जाडीइतकीच ठेवावी लागते, बदलता येत नाही. तिथे खुंटीच्या साच्याचे दाते पाचरीसारखे निमुळते असतात आणि साचा मागेपुढे सरकवून खुंटी जाड-बारीक करतात.

घट्टपणाच्या पायऱ्या

घट्ट म्हणजे नेमके किती घट्ट, याचा निर्णय केल्यावाचून सूत्र व्यर्थ आहे. पायऱ्या पाच.

पतित: एक फळी उचलली की दुसरी खाली पडते. हातबशा: नुसत्या हाताने पूर्ण बसतो आणि हातानेच निघतो. मोगरीबशा: अर्ध्याहून जास्त हाताने जातो, उरलेला मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी. हट्टी: क्लॅम्प लावून, दात-ओठ खाऊन बसतो. फोड्या: बसतो, पण दर्शनी फळी चिरते.

फोटो काढायचा असेल तर हट्टी सांधा उत्तम, असे कित्येक मानतात. ते त्याज्य. कारण खणाला पुढे फेविकॉल लागायचे असते, आणि पांढऱ्या गोंदात पाणी असते. पाणी लागले की लाकडाचा पृष्ठभाग फुगतो. कोरडा असताना हट्टी असलेला सांधा गोंद लावल्यावर निम्म्यात अडकतो. मग तो पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही, आणि गोंद वाळण्याची वेळ कोणासाठी थांबत नाही. म्हणून कोरडा सांधा मोगरीबशाच हवा, असा सिद्धांत. हातबशा चालेल, गोंद त्याला वर ओढून घेतो.

हट्टी आणि हातबशा या दोन पायऱ्यांतले अंतर किती? बिटाची खोली इंचाच्या चौसष्टाव्या भागाने, म्हणजे सुताच्या आठव्या भागाने बदलली, तर घट्टपणा ०.२ मिमीने बदलतो. छपाईचा साधा कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो. म्हणजे हट्टी आणि हातबशा यांच्यामध्ये दोन कागद आहेत. दोन कागदांवर यापेक्षा मोठी भांडणे झाली आहेत, पण त्यांवर सह्या असतात.

व्याप्ती आणि उपाधी

जिग विकणारे ज्या अनुमानावर जगतात ते असे: जिथे जिग आहे तिथे घट्ट सांधा आहे. नैयायिक याला लगेच अडवील. धूर दिसला की अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे चूक, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला सरपण ओले असावे लागते. ती अट म्हणजे उपाधी. जिगच्या अनुमानालाही अशी एक लपलेली उपाधी आहे आणि ती खोक्यावर छापलेली नसते: चाचणीचा तुकडा.

खऱ्या फळ्यांना हात लावण्यापूर्वी टाकाऊ तुकड्यांवर सांधा कापावा, बसवून पाहावा, खोली बदलावी, पुन्हा कापावा. तुकड्यांचेही नियम आहेत. तो त्याच लाकडाचा हवा. पाइनच्या तुकड्यावर केलेली चाचणी सागाला लागत नाही. पाइनचे तंतू दबून वाट देतात, साग देत नाही. बगलेचा तुकडा खऱ्या बगलेइतक्याच जाडीचा हवा, कारण जाडी बदलली की दर्शनी फळीच्या कडेशी तो वर किंवा खाली राहतो. आणि तो त्याच दिवसाचा हवा.

त्याच दिवसाचा का? लाकूड हवेतले पाणी घेते आणि सोडते. हवेत ८० टक्के आर्द्रता असेल तर लाकूड स्वतःत सुमारे १६ टक्के पाणी धरून स्थिरावते. ३० टक्क्यांना ते ६ टक्क्यांवर उतरते. मुंबईचा जुलै आणि नागपूरचा एप्रिल यांच्यात एवढे अंतर सहज पडते. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलते आणि वर्तुळांच्या दिशेने त्रिज्येच्या दुप्पट बदलते. इथे डव्हटेलची थोरवी दिसते: दोन्ही फळ्यांच्या रेषा खणाभोवती सलग फिरतात, त्यामुळे दोघी उंचीत एकत्र फुगतात, एकत्र आखडतात आणि सांधा एकमेकींच्या कलाने चालतो. परंतु एक फळी पावसाळ्यात कापली आणि दुसरी दिवाळीनंतर, तर हा समंजसपणा सुरू होण्याआधीच संपतो.

नैयायिकाच्या दृष्टान्तात ओलेपणा ही उपाधी आणि आमच्या दार्ष्टान्तिकातही शेवटी ओलेपणाच आडवा यावा, हा योगायोग शास्त्राची एकात्मता सिद्ध करतो. ज्यांना तो नुसता योगायोग वाटतो, त्यांनी पुढचा भाग वाचावा.

दोषनिर्णय

बिट बरोबर, खोली बरोबर, तुकडा बरोबर आणि तरीही सांधा चुकतो. दोष कोणाचा?

वक्रदोष: फळी वाकलेली. खोली जिगच्या दात्यांवरून मोजली जाते. जिथे फळी दात्यांना टेकत नाही तिथे काप उथळ होतो आणि सूत्रानुसार तेवढ्याच भागात सांधा मोकळा पडतो. एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला ढिला सांधा दिसला, तर आधी रंधा शोधावा. फळी आणि दाते यांच्यामध्ये भुश्श्याचा एक कण अडकला तरी फळ हेच. म्हणून प्रत्येक वेळी झाडून घेणे हा या शास्त्रातला आचमनविधी.

पतनदोष: बिटाचा दांडा पकडणारे कॉलेट सैल राहिल्यामुळे बिट काम करता करता गुपचूप खाली सरकते. पहिला कोपरा मोगरीबशा, दुसरा हट्टी, तिसरा फोड्या, असा क्रम दिसला की हा दोष समजावा. बिटाचा दांडा कॉलेटच्या तळाला टेकवून आवळू नये, किंचित वर उचलून आवळावा.

उत्केंद्रदोष: बुश आणि बिट यांचे मध्य जुळलेले नाहीत. अशा वेळी राउटर फिरवत फिरवत दाते पार केले, तर प्रत्येक दात्याला वेगळे माप मिळते. बुश मध्यावर आणावी. ते जमत नसेल तर राउटरच्या मुठी शेवटपर्यंत एकाच दिशेला ठेवाव्यात.

उद्धारदोष: बिट फिरत असतानाच राउटर वर उचलणे. रुंद तळाचे बिट वर येताना शेपटी, दाते आणि स्वतःची धार, तिन्ही घेऊन येते. राउटर सरळ मागे ओढून फळीच्या बाहेर आणावा आणि बंद करून थांबू द्यावा. याला प्रायश्चित्त नाही. नवे जिग आहे.

विदारदोष: बगलेच्या आतल्या कडेला लाकूड फाटून खपल्या निघतात. यासाठी पहिली खेप अपसव्य, उजवीकडून डावीकडे, अगदी उथळ मारून कडेवर रेघ पाडावी; मग सव्य, डावीकडून उजवीकडे, दात्यांत शिरत पूर्ण काप घ्यावा. डव्हटेलचा काप टप्प्याटप्प्याने खोल करता येत नाही, पूर्ण खोली एकाच दमात घ्यावी लागते. पहिल्या खेपेला उथळ असतो तो फक्त आडवा शिरकाव.

विपर्यासदोष: सर्व दोषांचा राजा. जिगमध्ये फळ्यांची आतली बाजू बाहेर असते; खणाचे दोन कोपरे जिगच्या डाव्या टोकाला कापायचे आणि दोन उजव्या. एक फळी उलटी धरली की सांधा उत्तम, घट्ट, निर्दोष होतो. फक्त खण होत नाही. यावर उपाय एकच, प्रत्येक फळीवर आत, बाहेर, वर, खाली हे पेन्सिलने लिहिणे. हे अपमानास्पद वाटते, म्हणून कोणी करत नाही, म्हणून हा दोष राजा आहे.

प्रायश्चित्तनिर्णय

फट राहिलीच तर काय? लघु फटीला लघु प्रायश्चित्त: त्याच लाकडाचा बारीक भुसा गोंदात कालवून भरावा. सागाच्या फटीत आंब्याचा भुसा भरू नये. पॉलिश लागताच पाप उघडे पडते. मध्यम फटीला लाकडाची पातळ पाचर गोंद लावून सारावी आणि वाळल्यावर पटाशीने साफ करावी. महाफटीला खणाची ती बाजू मागे करावी. चारही बाजूंना महाफट असेल, तर त्या वस्तूला खण न म्हणता चाचणीचा तुकडा म्हणावे. नाव बदलताच दोष फिटतो, हे सर्व शास्त्रांत मान्य आहे.

समारोप

आता फलित. जिग कौशल्य नाहीसे करते, अशी एक समजूत आहे. विकणारे ती आनंदाने पसरवतात आणि हाताने कापणारे दुःखाने. दोघेही चुकतात. हाताने कापणाऱ्याचे कौशल्य मनगटात असते. जिगवाल्याचे ते खोलीच्या स्क्रूत, कॉलेटमध्ये, झाडून घेतलेल्या दात्यांत आणि मुख्यतः त्या एका तुकड्यात जाऊन बसते, जो नीट बसला. मनगट घरी विसरता येत नाही; तुकडा हरवतो. म्हणून शेवटचा निर्णय असा: जो चाचणीचा सांधा मोगरीबशा जमला, तो फेकू नये. त्यावर बिटाचे माप, बुशचे माप आणि लाकडाचे नाव लिहून ठेवावे. पुढच्या वेळी बिटाची खोली थेट त्याच्यावरून घेता येते. साग एक, शिसव दुसरा, आंबा तिसरा, जाड बगल चौथा.

हे तुकडे साठतात. साठलेले तुकडे ठेवायला खण लागतो. तो खण करायचा म्हणजे चाचणीचे तुकडे आले, ते जपायचे म्हणजे आणखी एक खण आला. न्यायशास्त्र याला अनवस्था म्हणते आणि दोषांत धरते. प्रस्तुत शास्त्र तिला दोष मानत नाही. शनिवार दर आठवड्याला येतो, त्याची सोय कोणीतरी लावायलाच हवी.